ब्राँझमधली सिस्टर

काका कुणाकडे समोरून बघायचे नाहीत. दोहाच्या ओल्ड एअरपोर्ट भागातल्या एका दातांच्या दवाखान्यात मी रिसेप्शनला लागले, त्या पहिल्याच दिवशी हे माझ्या लक्षात आलं आणि मी मनातल्या मनात त्यांच्यावर फुली मारली. दवाखान्याच्या मागे छोटी लॅब होती. तिथे ते कवळ्या आणि कॅप बनवत. सकाळी आले की माझ्या टेबलासमोर न थांबता बाजूला जाऊन भिंतीला टेकायचे आणि माझ्या कानाशी बोलल्यासारखे बोलायचे. मी मान वळवली की ते सरकून पुन्हा बाजूला. मिरजेत असला प्रकार कुणी केला असता तर मी त्याला जागच्या जागी झाडलं असतं. पण नव्वदच्या दशकाचा शेवट होता, मी दोहात नवी होते, नवरा आठवडाभर अल खोरला कंपनीच्या क्वार्टर्समध्ये, आणि झाडायचं तर ते कुठल्या भाषेत, हाही प्रश्न होताच.

शेवटी एकदा इंग्रजीत विचारलंच, की तुम्ही सारखे असे बाजूने काय बघता? उत्तर मराठीत आलं. मघाशी फोनवर मी कुणाला तरी “ठेव आता” म्हटलेलं त्यांनी ऐकलं होतं.

“समोरून माणूस तयार असतो,” ते म्हणाले. “हसतो, डोळे मोठे करतो, हनुवटी वर घेतो. बाजूनं त्याला काही करता येत नाही. तुझा खालचा जबडा जरा पुढे आहे. रोमन बायकांचा असायचा तसा.”

हे कौतुक होतं की रोगाचं निदान, मला कळलं नाही. घरी जाऊन मी दोन आरसे धरून स्वतःला बाजूने बघितलं. जबडा खरंच जरा पुढे होता.

त्यानंतर मी त्यांना काका म्हणायला लागले. ते वसईचे कॅथलिक. सगळं दोहा त्यांना अंकल म्हणायचं, काका म्हणणारी मी एकटीच. त्यांना ते आवडतं, असं त्यांच्या बायकोने मला पुढे सांगितलं. स्वतः ते असलं काही बोलायचे नाहीत. बोलायचे ते नाकांबद्दल, मेणाबद्दल आणि इटलीतल्या मेलेल्या लोकांबद्दल.

लॅबच्या खणात, कवळ्यांच्या प्लास्टरच्या ठशांमागे, मलमलच्या फडक्यात त्यांनी ब्राँझची एक चकती जपून ठेवली होती. जुन्या सूकमध्ये, म्हणजे इथल्या बाजारात, एका इराणी म्हाताऱ्याच्या दुकानात गंजक्या किल्ल्यांच्या ढिगात ती त्यांना मिळाली. गोल बिस्किटाएवढी, काळपट. एका बाजूला पानांची माळ डोक्यावर घातलेला राजा, अर्थातच बाजूने. दुसऱ्या बाजूला खजुरीच्या झाडाखाली गालाला हात लावून बसलेली एक बाई. कडेने लॅटिन अक्षरं. काकांनी ते रोमन नाणं धरलं. रोज जेवणाच्या सुट्टीत फडकं सोडायचे, चकती खिडकीच्या उजेडात तिरकी धरायचे, मग हात धुऊन डबा उघडायचे. डॉक्टरांना वाटायचं, हा त्यांच्या धर्मातला काही प्रकार असेल.

मग त्यांचा भाचा आला. तो रोममध्ये पाद्री व्हायला शिकत होता आणि सुट्टीत वसईला जाताना दोहात उतरला. सोबत चित्रांचं एक जाडजूड पुस्तक होतं आणि एक बातमी होती. त्याने तिथल्या कुणा जाणकाराला काकांनी पाठवलेला चकतीचा फोटो दाखवला होता. जाणकार म्हणाला, हे नाणं नाही. नाणं ठोकून पाडतात. हे आधी मेणात घडवून मग धातूत ओतलेलं आहे. रोमन साम्राज्य बुडून हजारएक वर्षं झाल्यावर इटलीत अशी पदकं करायची टूम निघाली होती, त्या घराण्यातलं हे.

दुसरा कुणी असता तर तोंड पाडून बसला असता. काकांनी सगळ्या स्टाफला करक, म्हणजे इथला दाट दुधाचा चहा पाजला.

“रोमन राजानं नाण्यावर तोंड काढलं, त्यात काय मोठं? राजाच तो!” ते मला सांगत होते. समोर पेशंट बसलेले, फोन वाजतोय, काकांना त्याचं काही नाही. “पण हे इटलीवाले बघ. शेत नांगरताना ह्यांना रोमन नाणी मिळायची. महाल पडले, देवळं पडली, राजाचं सगळं गेलं आणि हे एवढंसं नाक तेवढं शिल्लक. ह्यांना वाटलं, अरे, मग आपलंही काढून ठेवू की! तेव्हापासून कुणीही उठावं आणि रोमन व्हावं. गावचा सावकार, पण डोक्यावर विजयाची माळ!”

“आणि मागे ती बाई कशाला?”

“समोर नाक असतं,” काका म्हणाले. “माणूस मागे असतो.”

म्हणजे असं, की पुढच्या बाजूला नुसता चेहरा आणि मागच्या बाजूला तो माणूस कसा होता ते चित्रात सांगायचं. चित्रंही जुन्या रोमन नाण्यांवरूनच उचललेली. नांगर घेतलेली बाई म्हणजे आशा, नावेचं सुकाणू धरलेली बाई म्हणजे नशीब, एकमेकांत गुंतलेले दोन हात म्हणजे शब्दाला जागणारा. नांगर म्हणजे शेतातला नव्हे, जहाजाचा, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं, कारण मी मिरजेची.

पुढे त्या पुस्तकात काकांना त्यांचंच पदक सापडलं. राजा तोच, बाई तीच, पण पुस्तकात दिलेलं माप काकांच्या पदकापेक्षा गहूभर मोठं होतं. याचा अर्थ त्यांना कुणी समजावून सांगावा लागला नाही. धातू थंड होताना आखडतो. कॅप आखडली की दातावर बसत नाही, हे त्यांचं आयुष्यभराचं दुखणं. कुणीतरी तयार पदकाचाच ठसा घेऊन दुसरं ओतलं होतं, त्यावरून आणखी कुणी तिसरं.

“नकलेची नक्कल आहे ही,” ते म्हणाले. “दर वेळी राजा थोडा कमी झालाय.”

त्या दिवसापासून त्यांनी नियम केला, की आपण नक्कल करायची नाही. मेणाचं एक चित्र, त्याचा एक साचा, ओतून झालं की साचा फोडायचा. जे निघेल ते एकच.

मेणाचा नाद मात्र इटलीच्या आधीचा. लहानपणी त्यांना फादर व्हायचं म्हणून सेमिनरीत पाठवलं होतं. तिथे ते लॅटिन शिकले आणि तिथूनच परत आले. का परत आले, याची त्यांची हकिगत लांबलचक आणि धार्मिक होती. त्यांच्या बायकोची हकिगत एका वाक्याची होती. “ह्यानं वेदीवरच्या मेणबत्तीवर रेक्टरचं नाक कोरलं आणि भर मिस्साच्या प्रार्थनेत ते सगळ्यांसमोर वितळलं.”

ओल्ड एअरपोर्टलाच दोन गल्ल्या सोडून त्यांचा फ्लॅट होता. शुक्रवारी सुट्टी, त्यामुळे दुपारनंतर तिथे आमच्यासारखे लोक चहाला जमायचे. येणाऱ्याला काका खिडकीजवळच्या खुर्चीत, भिंतीकडे तोंड करून बसवायचे. पाहुणा भिंतीशी गप्पा मारायचा आणि काका त्याच्या बाजूला बसून पाटीवर मेण लावायचे. पाटी म्हणजे शाळेची, लाकडी चौकटीची, वसईहून आणलेली. इटलीतले कारागीरही म्हणे अशाच काळ्या दगडावर मेणाचं तोंड घडवायचे. दवाखान्यात दात घडवायची बारीक हत्यारं होतीच. पाहुण्याचा चहा संपेपर्यंत पाटीवर त्याचं नाक आलेलं असायचं. फ्लॅटमधल्या एका लांब फळीवर अशा पाट्या ओळीने लावलेल्या होत्या. दोहातला निम्मा मराठी समाज त्या फळीवर एकमेकांच्या डोक्यामागे बघत बसलेला असायचा.

एका ऑगस्टात ते दोघं रजेवर वसईला गेले आणि मागे एसी बंद पडला. परत येऊन बघतात तर सगळा समाज खाली घसरलेला. कुणाचं नाक कुणाच्या गळ्यात, कुणाची हनुवटी फळीखाली. मी सांत्वन करायला गेले, तर काका उकिडवे बसून भिंगातून बघत होते.

“हे बघ, कान शेवटी वितळतो,” ते म्हणाले. “मला वाटलं होतं नाक.”

मागच्या बाजूला काय काढायचं, याचा ते फार विचार करायचे. आमचे डॉक्टर सीरियाचे, भला माणूस, पण रोज नवा बेत. त्यांना काकांनी सुकाणूवाली नशिबाची बाई दिली, फक्त तिच्या दुसऱ्या हातात मोबाईल. मला काय देणार, म्हणून मी बरेच दिवस मागे लागले होते. एका शुक्रवारी त्यांनी पाटी उलटी करून दाखवली. तिच्यावर मान ताणून उभं राहिलेलं एक बदक होतं.

“हे काय?”

“तू.”

मी चहा अर्धा टाकून उठले. पुढचे काही दिवस काकांशी फक्त कामापुरतं इंग्रजी बोलले. मग त्यांच्या बायकोनेच त्यांना माझ्याकडे पिटाळलं. माझ्या उजव्या कानाशी उभं राहून त्यांनी खुलासा केला. रोमवर एकदा शत्रू गुपचूप चढून आले. पहारेकरी झोपले, कुत्री झोपली, पण देवळात पाळलेली ही मोठी बदकं ओरडली आणि शहर वाचलं. “पेशंट पेनकिलर घेऊन पैसे न देताच पळाला की तूच ओरडतेस ना? डॉक्टर झोपलेले असतात.”

“मग बदक कशाला? पहारेकरी काढायचा!”

“पहारेकरी झोपला होता, सांगितलं ना.”

या माणसाशी भांडून उपयोग नसतो, हे मला तेव्हा समजलं. ती पाटी मी मागून घेतली. आमच्या मुलीने शाळेत नेऊन ती फोडली, आणि घरी येऊन “इट वॉज जस्ट अ डक, आई,” एवढंच म्हणाली.

काकांच्या बायकोला सगळं दोहा सिस्टर म्हणायचं. चारचौघांत काकासुद्धा. त्या सरकारी हॉस्पिटलात हाडांच्या वॉर्डला नर्स होत्या. उंच, शिडशिडीत, सरळ नाकाच्या. आयुष्यभर सलाइनच्या बाटलीकडे बघून त्यांची हनुवटी जरा वर राहिलेली. दोहात आधी त्या आल्या, एकट्या. काका मागून त्यांच्या व्हिसावर आले. “माझ्या पासपोर्टच्या शेपटीला धरून आला हा,” असं त्या हसत सांगायच्या, आणि काका ते पाहुण्यांना पुन्हा सांगायचे, तेही अभिमानाने. नवऱ्याला अरे-तुरे करणारी बाई मी आमच्याकडे पाहिली नव्हती. मला गंमत वाटायची आणि थोडा हेवाही.

फळीवर सगळ्यांची तोंडं होती, सिस्टरचं नव्हतं. “मला बसायला वेळ कुठे आहे?” असं त्यांचं म्हणणं. एकदा काका पुस्तकातलं एक रोमन चित्र घेऊन त्यांच्या मागे लागले. आरोग्याची देवी खुर्चीत बसली आहे आणि वाटीतून सापाला दूध पाजते आहे. सिस्टरची मागची बाजू हीच, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. त्या वेळी मी समोरच होते.

“साप?” सिस्टर म्हणाल्या. “अरे, आमच्या मरियामातेनं ज्याच्या डोक्यावर पाय ठेवलाय, त्याला मी दूध पाजू?”

“रोमन साप आहे. औषधाचा.”

“रोमन असला तर रोमला जाऊ दे. माझ्या पाठीवर नको.”

विषय खलास. सिस्टर इस्त्री करायला आत गेल्या आणि काकांनी पुस्तक मिटलं.

काका साठीला आले आणि दोघांनी वसईला परतायचं ठरवलं. त्याच सुमाराला डॉक्टरांनी अल हिलालमध्ये दवाखान्यासाठी नवी इमारत बांधायला काढली. पाया खणायला लागल्याचं कळलं आणि काकांना त्या पुस्तकातली एक गोष्ट आठवली. ते इटलीवाले नवी इमारत बांधताना आपली पदकं तिच्या पायामध्ये आणि भिंतींत घालून ठेवायचे. आज ना उद्या ही इमारत पडणार, हे ते धरूनच चालायचे. पडल्यावर कुणी तरी उकरेल, आणि आपल्याला जशी रोमन नाकं मिळाली तसं त्याला आपलं नाक मिळेल.

“काका, उद्घाटनाच्या आधीच पडायचं काय काढलंत?” मी म्हटलं.

पण ते हटले नाहीत. रीतीप्रमाणे मान मालकाचा, म्हणून आधी डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर हात जोडून म्हणाले, “माझा चेहरा नको. माझी आई दमास्कसहून फोन करून रडेल, की जिवंत मुलाला पुरलं. दुसरं काय करायचं ते करा, फक्त मला सांगू नका.” मग काकांनी सिस्टरला विचारलं. त्यांनी दमास्कसच्या आईचीच री ओढली. “मेल्यावर वसईच्या मातीत घाल. तिथं जागा आहे. जित्या बाईला कशाला पुरतोस?”

दुसऱ्या दिवशी काका माझ्या टेबलाशी आले ते बाजूला गेलेच नाहीत. थेट समोर उभे राहिले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला त्यांचे दोन्ही डोळे एकदम दिसले.

“व्हिसा कॅन्सल झाला की आमचं इथं काही म्हणजे काही राहत नाही,” ते म्हणाले. “फ्लॅट दुसऱ्याला. लॅब दुसऱ्याला. माझं जाऊ दे, मी दात केले, ते लोकांच्या तोंडात आहेत. पण तिनं किती माणसं चालती केली इथं! त्या माणसांना तिचं नावही आठवत नसेल. कुठं तरी ती असायला पाहिजे की नको?”

मी म्हटलं, पाहिजे.

त्यांनी चोरून काम सुरू केलं. सिस्टर इस्त्री करत असताना, टीव्ही बघत असताना, शुक्रवारी प्रार्थनेला बसलेल्या असताना काका त्यांच्या बाजूला. जन्मभर ते तसेच बसत आले होते, त्यामुळे सिस्टरना शंकाही आली नाही. पाटी दवाखान्याच्या लॅबमध्ये राहायची. ब्राँझ मिळालं धक्क्यावरच्या एका जुन्या लाँचच्या पंपातून. एका दुपारी डॉक्टर घरी जेवायला गेले असताना काकांनी ते वितळवून साच्यात ओतलं आणि मला बोलावलं. साचा गार झाल्यावर त्यांनी तो पाण्यात बुडवून हातोडीने फोडला. आतून काळं, खडबडीत बिस्किट निघालं. मग दिवसेंदिवस घासणं, कोरणं, तेल चोळणं.

तयार झालं तेव्हा मी हातात घेतलं. जड होतं. पुढच्या बाजूला सिस्टर, नर्सची टोपी घातलेल्या, हनुवटी जरा वर. रोमन राजासारखाच थाट, फक्त माळेच्या जागी टोपी. मागच्या बाजूला ती आरोग्याची देवी खुर्चीत बसलेली, अंगावर रोमन चुण्यांचं वस्त्र. पण साप नव्हता. वर टांगलेल्या बाटलीतून एक नळी वळसे घेत खाली येत होती आणि देवीने ती दोन बोटांत धरली होती. सिस्टरचा शब्द त्यांनी तेवढा पाळला होता. कडेने लॅटिनमध्ये सिस्टरचं नाव आणि “हिनं उभं केलं” अशा अर्थाचा एक शब्द.

“एखादी जास्तीची प्रत काढून ठेवा ना, काका. घरी राहील.”

“नक्कल लहान होते,” ते म्हणाले. “तिला मी लहान करणार नाही.”

पायाच्या खड्ड्यात काँक्रीट भरायच्या दिवशी मी त्यांना माझ्या गाडीतून अल हिलालला घेऊन गेले. हिवाळ्यातली सकाळ होती. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. खड्ड्यात लोखंडाची जाळी अंथरलेली, कोपऱ्याकोपऱ्यावर कॉलमचे गज उभे, आणि कडेला काँक्रीटची गाडी गरगर फिरत उभी. काका कुणालाही न विचारता खाली उतरले, जाळीत हात घालून फडकं सोडू लागले. तेवढ्यात फोरमन धावत आला. हा रायगडचा, म्हसळ्याकडचा. दाढेच्या दुखण्याने एकदा आमच्याकडे येऊन गेलेला, त्यामुळे मला ओळखत होता.

“चाचा, ह्या काय हाय? काय पुरताव?” त्याने पदक हिसकावूनच घेतलं. मागची बाजू वर होती. वळसे घेतलेली नळी बघून त्याचा चेहरा उतरला. “साप? बाय आनि साप? कोनाची करनी हाय ही? चाचा, या मुलकात असल्या गोष्टीला जेल हाय, म्हायती हाय ना? तुमी जाल, मीपन जाईन!”

खरं होतं ते. काका मात्र खड्ड्यात उभे राहून त्याला इटली सांगू लागले. नांगरलेली शेतं, रोमन नाणी, सावकाराच्या डोक्यावरची माळ. वर काँक्रीटचा ड्रायव्हर हॉर्न मारतोय, “यल्ला, यल्ला” करून घाई करतोय, आणि काका पाचशे वर्षं मागे.

“अहो, साप नाही तो, सलाइनची नळी आहे!” मी वरून ओरडले. बदकच ते.

“सलाइन?” फोरमनने पदक डोळ्यांजवळ नेलं. मग उलटं केलं. पुढची बाजू बघितली आणि बघतच राहिला. हळूच त्याने पदक हातावर आडवं केलं, आपण मान वाकडी केली, आणि म्हणाला, “ही तं सिस्टर!”

काही वर्षांपूर्वी तो परांचीवरून पडला होता. मांडी मोडली, पायाला वजन टांगून किती तरी दिवस उताणा पडून होता. “मान हलवायला नाय येयाची. सिस्टर बाजूला येऊन उभी रहायची, बाटलीकडं बगत. असाच नाक दिसायचा माना. असाच.” त्याने आपल्या मांडीवर थाप मारली. “ह्या पायावर उभा हाय ना मी, ता तिच्यामुलं.”

काकांनी पदकासाठी हात पुढे केला. मला वाटलं, झालं, आता काम फत्ते. पण फोरमनने पदक परत दिलं नाही.

“खाली नाय घालायचा,” तो म्हणाला. “वर लोकां चालतील, चाचा. संडास-बाथरूम येल. सिस्टरच्या तोंडावर लोकांचे पाय? माज्याकडून नाय व्हायचा.”

इतकी वर्षं ते पुस्तक पाठ केलेला माणूस, त्याला हे एकदाही सुचलं नव्हतं. मलाही नाही. इटलीवाल्यांना पायाखाली घालणं हा मान वाटायचा, आमच्याकडे तो अपमान. काकांचा चेहरा पडला. ते जाळीवरच बसले. वर हॉर्न चालूच होता.

फोरमननेच इकडेतिकडे बघितलं. मग तो दर्शनी बाजूच्या, गेटजवळच्या कॉलमकडे गेला. “हिथं घालू. कॉलमात. पुडच्या आठवड्यात भरायचाय. कोनाचा पाय नाय लागत, नि बिल्डिंगपन ह्याच्यावर उभी.” त्याने छातीच्या उंचीवर गजांच्या मधोमध बांधायच्या तारेने पदक आवळलं, चारचारदा पीळ देऊन. “तोंड कुनीकडं करू?”

काका उठले, कॉलमला एक फेरी मारली, आणि बाजूला जाऊन उभे राहिले. “रस्त्याकडे,” ते म्हणाले. “कोण येतं-जातं ते कळेल तिला.”

पुढच्या आठवड्यात तो कॉलम भरला आणि त्याच महिन्यात सिस्टरना सगळं कळलं. फोरमनच खजुराचा डबा घेऊन निरोप द्यायला गेला आणि न राहवून बोलून बसला. मी तेव्हा त्यांच्याकडे सामान बांधायला गेले होते. आता स्फोट होणार म्हणून मी स्वयंपाकघरात सरकले. सिस्टरनी कंबरेवर हात ठेवून काकांकडे बघितलं.

“कॉलमात उभी केलीस?” त्या म्हणाल्या. “अरे, जन्मभर ड्युटीवर उभीच होते. बसवायची तरी!”

“मागच्या बाजूला बसलेली आहेस,” काका हळूच म्हणाले.

ते वसईला गेले. दवाखाना नव्या इमारतीत हलला आणि मी रोज गेटमधून शिरताना त्या कॉलमला हात लावून आत जायचे. नव्या स्टाफला वाटायचं, हा माझ्या धर्मातला काही प्रकार असेल. फोरमनही पुढे म्हसळ्याला परत गेला. दोहा मात्र जागेवर राहीना. आज बघितलेली इमारत पुढच्या रजेवरून येईपर्यंत गायब. आमची इमारत दहा वर्षांचीही झाली नव्हती, तेवढ्यात रस्ता रुंद करायचा निघाला. दवाखाना दुसरीकडे गेला आणि मशीनं आली.

मी वसईला फोन केला. सिस्टर आदल्या वर्षी गेल्या होत्या. अंगणात कपडे वाळत घालताना खाली बसल्या, त्या उठल्याच नाहीत. काका एकटेच होते.

“पडली?” ते ओरडले. “इतक्यात? मी जिवंत असताना?” मग प्रश्नांची सरबत्ती. आधी वरून पाडतात की खालून? काँक्रीट कसं फुटतं? गज वेगळे काढतात का? मला माहीत होतं तेवढं सांगितलं. मग वेगळ्याच आवाजात म्हणाले, “बघशील का गं? फोटो आहेत माझ्याकडे, पण सगळे समोरून आहेत. सगळ्यांत ती फोटोसाठी हसतेय.”

मी गेले. दोन-तीन शुक्रवार सलग गेले, नवऱ्यालाही नेलं. गेटजवळच्या कॉलमच्या जागी खड्डा होता. काँक्रीट चेचून ट्रकमध्ये भरलं होतं, गज ओढून वेगळे केले होते. नेपाळी कामगारांना बोटांनी गोल करून दाखवलं, हिंदीत समजावलं. त्यांनी आपापसात विचारलं, माना हलवल्या. भंगार नेणाऱ्याकडे गेले, त्याने ब्राँझ-पितळेचा ढीग माझ्यासमोर उपसला. नळ होते, कड्या होत्या. ट्रक कुठे जातात म्हणून विचारलं, तर म्हणाले, किनाऱ्याला, समुद्रात भर घालायला.

काय बोलायचं ते मनात जुळवत मी काकांना फोन लावला. ते वाटच बघत होते.

“नाही मिळाली, काका.”

“कामगारांना?”

“त्यांनाही नाही.”

“भंगारात? वितळवली नसेल ना कुणी?”

“मी स्वतः बघितलं. तिथे नव्हती. चुऱ्यात गेली असणार, समुद्राकडे. तिथे नवीन जमीन करतायत.”

“त्या जमिनीवर काय होणार?”

“काही तरी बांधतीलच.”

मी म्हटलं, “काका, मला फार वाईट वाटतं हो.”

“वाईट कशाला?” काका म्हणाले, आणि त्यांचा आवाज लॅबमधल्यासारखा ताजा झाला होता. “कुणालाच मिळाली नाही ना? म्हणजे सिस्टर अजून सापडायची आहे.”